शिवाजी पार्क : मैदान, कट्टा आणि मालकीचा प्रश्न

मुंबईतील दादर-माहीम परिसरातील शिवाजी पार्कविषयी जे लेखन आढळते, त्याच्या स्थूलमानाने दोन परंपरा आहेत. पहिली आठवणींची. तीत क्रिकेट, कट्टा, संध्याकाळची फेरी, पावसाळ्यातील चिखल आणि शेजारची खाद्यगृहे यांची वर्णने येतात. दुसरी परंपरा राजकीय इतिहासाची असून तीत सभा, मेळावे, शपथविधी आणि अंत्ययात्रा यांची नोंद असते. पहिलीला मैदान म्हणजे वस्तीचे अंगण वाटते, दुसरीला महाराष्ट्राचे व्यासपीठ. हे मैदान नेमके कोणाचे, हा प्रश्न मात्र दोन्ही परंपरा सोडवलेला गृहीत धरतात. वस्तुतः तो सुटलेला नाही. २०१० नंतरच्या न्यायालयीन आणि शासकीय निर्णयांमुळे तो अधिकच धारदार झाला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा मैदानाची रचना, त्याचे नाव, त्याच्या वापराचे नियम आणि त्यावर उभ्या राहणाऱ्या वस्तू यांच्या आधारे केली आहे.

जागेची घडण

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या नागरी नियोजनाला जी दिशा मिळाली, तिचा विचार केल्याशिवाय या मैदानाचे आकलन होत नाही. दक्षिण मुंबईतील दाट वस्ती विरळ करण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. बेटाच्या उत्तर भागात दादर, माटुंगा, माहीम येथे आखीव रस्ते, ठरावीक आकाराचे भूखंड आणि मोकळ्या जागा असलेल्या वसाहती पुढील तीन-चार दशकांत उभ्या राहिल्या. मुंबई महानगरपालिकेने १९२५ मध्ये खुले केलेले ‘माहीम पार्क’ याच प्रक्रियेचे अपत्य होय. मैदानाभोवतीच्या बहुतेक इमारती मात्र १९३० आणि १९४० च्या दशकांतील आहेत. म्हणजे आधी मैदान झाले आणि मग वस्ती. पुढे वस्तीने नावही मैदानाचेच घेतले. ‘शिवाजी पार्कला राहतो’ हे वाक्य मुंबईकराला खटकत नाही. मैदानात कोणी राहत नसते, हे त्याला सांगावे लागत नाही.

सुमारे २८ एकरांच्या या जागेला ‘पार्क’ म्हटले जात असले तरी उद्यान या अर्थाने ते पार्क नाही. राणीच्या बागेसारखे वृक्षवैभव, ताटवे, आखलेल्या पायवाटा असे येथे काही नाही. मध्ये उघडी माती आहे, कडेने झाडांची रांग आहे आणि त्या दोहोंमध्ये सुमारे १.१७ किलोमीटर लांबीचा बुटका कट्टा आहे. रचनेच्या दृष्टीने सर्वांत विचार करण्याजोगी वस्तू हा कट्टाच होय. तो भिंत नाही, कारण आतले बाहेरच्याला दिसते. तो कुंपण नाही, कारण कोणालाही तो ओलांडता येतो. तरीही मैदान कोठे संपते हे तो निःसंदिग्धपणे सांगतो. त्याच्या उंचीमुळे तो आपोआप बसण्याची जागा झाला. ज्याने घडवला त्याच्या मनात बैठक होती की नुसती कड, हा प्रश्न गौण ठरावा इतका त्याचा वापर बोलका आहे. मराठीत ‘कट्टा’ या शब्दाला गप्पांच्या अड्ड्याचा जो अर्थ चिकटला, त्याचे उदाहरण द्यायचे झाल्यास मुंबईकर सहसा येथलेच देतो.

कट्ट्यावर बसणाऱ्याला कोणी तेथे बसण्याचे कारण विचारत नाही. खेळाडू, निवृत्त कारकून, महाविद्यालयीन युगुल, शिकवणी चुकवणारा मुलगा या सर्वांना तो सारखाच उपलब्ध असतो. मैदानाच्या मध्यभागीही हाच नियम लागू पडतो. एकाच वेळी अनेक संघ खेळत असतात, एका खेळीचा सीमारेषेवरील क्षेत्ररक्षक दुसऱ्या खेळीच्या यष्टीजवळ उभा असतो आणि चेंडू कोणाचा यावर थोडी वादावादी झाली तरी खेळ चालू राहतो. रमाकांत आचरेकर यांनी याच गर्दीत जाळी लावून खेळाडू घडवले. सचिन तेंडुलकरचे क्रिकेट येथे वाढले, हे सर्वश्रुत आहे. त्या घडणीत या दाटीवाटीचा वाटा किती, याचा विचार क्रीडालेखनात जेवढा व्हायला हवा तेवढा झालेला नाही.

नाव आणि पुतळा

१९२७ मध्ये महानगरपालिकेच्या सदस्या अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने मैदानाला शिवछत्रपतींचे नाव देण्यात आले. त्या काळी शिवजन्माचे वर्ष सर्वसाधारणपणे १६२७ मानले जात असल्याने ते त्रिशताब्दीचे वर्ष होते. आज शासकीय पातळीवर १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी स्वीकारलेली आहे. त्या हिशेबाने नामकरण तीन वर्षे आधी झाले असे म्हणता येईल, पण त्यामुळे त्याचे महत्त्व उणावत नाही. लक्षात घेण्याजोगी बाब निराळी आहे. अवंतिकाबाई गांधीजींच्या निष्ठावंत अनुयायी होत्या आणि गांधीजींचे आरंभीचे मराठी चरित्र त्यांनीच १९१८ मध्ये लिहिले होते. शिवाजी महाराजांचे नाव या मैदानाला एका गांधीवादी स्त्रीने मिळवून दिले, ही वस्तुस्थिती पुढील काळातील मैदानाच्या प्रतिमेखाली जवळजवळ गाडली गेली आहे. २०२० मध्ये महानगरपालिकेने नावाचा ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असा विस्तार केला. त्या वेळच्या चर्चेतही या पहिल्या नामकरणामागील वैचारिक पार्श्वभूमी फारशी उजेडात आली नाही.

मैदानातील अश्वारूढ पुतळ्याचाही येथे विचार करावा लागतो. लोकवर्गणीतून १९६० च्या दशकात उभारलेल्या या पुतळ्यात महाराजांच्या हाती उपसलेली तलवार नाही. हात पुढे पसरलेला आहे, जणू वाट दाखवणारा. महाराष्ट्रातील शिवपुतळ्यांच्या प्रस्थापित शिल्पभाषेत तलवार ही जवळजवळ अनिवार्य खूण आहे. तिच्या अभावामुळे येथे घोड्याच्या गतीचा अर्थ बदलतो. ही चाल चढाईची उरत नाही, नेतृत्वाची होते. ज्या मैदानात या पुतळ्याच्या साक्षीने गेल्या सहा दशकांत सर्वाधिक आक्रमक भाषणे झाली, तेथील पुतळाच निःशस्त्र असावा, याकडे समीक्षकांचे दुर्लक्ष व्हावे हे आश्चर्यकारक आहे. नावामागचा गांधीवाद आणि पुतळ्यातील हा संयम यांचा थेट कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे ठरेल. मात्र मैदानाने धारण केलेली शिवप्रतिमा एकच एक कधीच नव्हती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

मैदानालगतच्या रस्त्याला कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे नाव आहे, हेही याच संदर्भात नोंदवावे लागेल. केळुसकर हे शिवछत्रपतींचे चरित्रकार होते, तसेच गौतम बुद्धाचेही चरित्रकार होते. १९०७ मध्ये मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या तरुण भीमराव आंबेडकरांना त्यांनी आपले बुद्धचरित्र भेट दिले होते.

सभा आणि सोहळे

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील सभांनी या मैदानाला राजकीय ओळख दिली. राज्यस्थापनेनंतर महाराष्ट्र दिनाचे संचलन येथे होऊ लागले. १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला येथे झाला आणि पुढे ती वार्षिक प्रथाच बनली. १४ मार्च १९९५ रोजी मनोहर जोशी यांच्या आणि २८ नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी राजभवनाऐवजी येथे पार पडला. या घटनांचे राजकीय विवेचन अन्यत्र पुष्कळ झालेले असल्याने त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे एकच वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. त्या सर्व आल्या आणि गेल्या. व्यासपीठ उभारले गेले, उतरवले गेले आणि खेळपट्ट्यांची नासधूस काही दिवस खेळाडूंना भोगावी लागली. नासधूस खरी होती, याबद्दल वाद नाही. पण ती भरून निघणारी होती.

दिवस मोजण्याची पद्धत

मे २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिकेवरील सुनावणीत शिवाजी पार्क शांतता क्षेत्र असल्याचे ठरवले. परिसरातील शाळा, रुग्णालये आणि रहिवाशांना होणारा ध्वनिक्षेपकांचा त्रास या निर्णयामागे होता. पुढे २०१६ मध्ये राज्य शासनाने खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षातील ४५ दिवस निश्चित केले. दसरा मेळाव्याचा समावेश त्यात झाला. २०२२ मध्ये शिवसेनेतील फुटीनंतर दसऱ्याचे मैदान कोणाला मिळावे हा वाद न्यायालयात गेला, तेव्हा ही यादी पुराव्याच्या जागी आली आणि २३ सप्टेंबर २०२२ रोजी न्यायालयाने ठाकरे गटाला परवानगी दिली.

ही ४५ दिवसांची यादी प्रशासकीय दस्तऐवज म्हणून नव्हे, तर एक संहिता म्हणून वाचली पाहिजे. या मैदानाच्या वापरकर्त्यांची लेखी क्रमवारी लावणारी ती बहुधा सर्वांत ठळक संहिता आहे. तिच्यामागील गृहीतक असे की मैदान मूलतः क्रीडांगण आहे, अन्य वापर म्हणजे अपवाद, आणि अपवादाचे माप म्हणजे दिवसांची संख्या. हे गृहीतक प्रथमदर्शनी न्याय्य वाटते. रहिवाशांचा त्रास काल्पनिक नाही. परीक्षांच्या दिवसांत कर्ण्यांचा आवाज ज्यांनी सोसला आहे त्यांना मैदानाचे ऐतिहासिक महत्त्व सांगणे क्रूरपणाचे होईल. आवाजाला मर्यादा घालणे आवश्यकच होते आणि न्यायालयाने ते केले, हे योग्य झाले.

परंतु आवाजाचा प्रश्न आणि मालकीचा प्रश्न हे भिन्न आहेत. दिवस मोजण्याची पद्धत दोहोंची गल्लत करते. एक दिवस येऊन उठून जाणारा जमाव या हिशेबात खर्ची पडतो. कायमचे ठाण मांडून बसलेली वस्तू मात्र या हिशेबात येतच नाही, कारण तिला ‘दिवस’ नसतो. सभा संपल्यावर मैदान पुन्हा सर्वांचे होते. चौथरा बांधला की तेवढा तुकडा कायमचा कोणाचा तरी होतो. मोकळ्या जागेच्या दृष्टीने दुसरी हानी अधिक गंभीर असूनही नियमांचा सारा रोख पहिलीवर आहे. शिवाजी पार्कविषयीच्या सार्वजनिक चर्चेतील मूलभूत दोष हाच होय, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

ठाण मांडणाऱ्या वस्तू

१८ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांच्यावर या मैदानात अंत्यसंस्कार झाले. त्या जागी उभारलेला तात्पुरता चौथरा हटवावा की ठेवावा यावर महिनाभर तणाव होता. अखेर डिसेंबरमध्ये तो हटवण्यात आला, पण जागेची खूण स्मृतिस्थळाच्या रूपाने राहिली. मुख्य स्मारकासाठी पुढे जवळच्या महापौर निवासाची जागा निवडण्यात आली. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांच्यावरही येथेच अंत्यसंस्कार झाले आणि स्मारकाची मागणी लगेच पुढे आली. त्या वेळी मैदानात स्मारक नको, या विषयाचे राजकारण करू नये, अशी भूमिका मंगेशकर कुटुंबीयांनी घेतली. तिचे मोल या संदर्भात मोठे आहे. आदर आणि बांधकाम या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे तिने कोणताही सिद्धान्त न मांडता दाखवून दिले.

३ डिसेंबर २०२४ रोजी आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण मैदानाच्या पाचव्या प्रवेशद्वारापाशी झाले. या मैदानावर ज्यांचा खरोखर हक्क होता अशा व्यक्तींत आचरेकर अग्रगण्य आहेत. स्मारक आकाराने लहान आहे आणि ते कडेला आहे. खेळाची जागा ते अडवत नाही, हेही मान्य केले पाहिजे. तथापि येथे नियमाची खरी कसोटी लागते. ज्याच्याविषयी कोणाचेच दुमत नाही त्याच्यासाठी वाट उघडली, की पुढच्याला नाही म्हणण्याचे कारण शोधावे लागते. आचरेकरांचे स्मारक नको होते, असा याचा अर्थ नव्हे. पण ते कोणत्या निकषावर झाले, याची स्पष्ट चर्चा झाली असती तर बरे झाले असते.

बाहेरून येणाऱ्या स्मारकांबाबत परिसर जागरूक असतो. कडेवरील जुन्या संस्थांबाबत मात्र अशी जागरूकता दिसत नाही. जिमखाना, बंगाल क्लब, व्यायाममंदिर, स्काउट पॅव्हेलियन, गणेशमंदिर, नाना-नानी पार्क या सर्वांनी मैदानाच्या परिघावर आपापला तुकडा धरून ठेवला आहे. त्यांचे कार्य उपयुक्त आहे. समर्थ व्यायाममंदिराच्या मल्लखांबाने किंवा बंगाल क्लबच्या दुर्गापूजेने मैदानाला जो रंग दिला, तो नाकारण्याचे कारण नाही. तरीही परिचयामुळे अतिक्रमण सौम्य दिसते, ही बाब समीक्षेने नजरेआड करू नये. जे कायम आहे ते ‘आपले’ म्हणून चालते आणि जे एका दिवसाचे आहे ते ‘बाहेरचे’ म्हणून खटकते.

हाच अंतर्विरोध २०१२ मधील वारसा यादीच्या वादात वेगळ्या रूपात प्रकटला. मैदानाभोवतीच्या इमारतींसह हा परिसर वारसा म्हणून नोंदवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा रहिवाशांतून तीव्र विरोध झाला. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा खर्च, पुनर्विकासावर येणारी बंधने आणि घरांचे भवितव्य ही त्यामागील कारणे समजण्यासारखी आहेत. मध्यमवर्गीय कुटुंबाला वास्तुशैलीच्या गौरवासाठी गळके छप्पर सांभाळायला सांगणे न्याय्य नव्हे. पण मैदानाचा मोकळेपणा हा त्याच्याभोवतीच्या दोन-तीन मजली इमारतींच्या उंचीशी बांधलेला आहे. झाडांच्या शेंड्यांशी जवळपास बरोबरी करणाऱ्या त्या रेषेमुळेच मध्यभागी आकाश एवढे मोठे दिसत होते. आता तेथे मनोरे उठत आहेत. मैदान राखा, पण आमची इमारत सोडा, ही भूमिका व्यवहार्य असेल. ती वारसारक्षणाची भूमिका मात्र नाही.

मैदानातील लाल मातीचा प्रश्न यापेक्षा साधा आहे आणि तरीही तो वर्षानुवर्षे रेंगाळला. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात उडणारी धूळ आसपासच्या घरांत शिरते. तिच्याविरुद्ध तक्रारी झाल्या, पर्जन्यजल साठवून पाणी शिंपडण्याची योजना झाली, प्रदूषण नियंत्रण मंडळाने दखल घेतली. येथे रहिवासी आणि खेळाडू यांच्यात हितविरोध नाही. धूळ दोघांच्याही नाकातोंडात जाते. कदाचित म्हणूनच या प्रश्नाला राजकीय धार कधी आली नाही आणि उपायही अर्धवट राहिला.

सहा डिसेंबर

मालकीच्या प्रश्नाचे सर्वांत कठीण रूप ६ डिसेंबरच्या सुमारास दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजी जवळच्या दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेथील चैत्यभूमीला अभिवादन करण्यासाठी दरवर्षी लाखो अनुयायी येतात आणि त्यांच्या मुक्कामाची, पाण्याची, भोजनाची व वैद्यकीय मदतीची व्यवस्था मुख्यतः शिवाजी पार्कवर होते. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आणि राज्याबाहेरून आलेली कुटुंबे दोन-तीन दिवस या मैदानात राहतात. या लेखाच्या आरंभी आलेले ‘शिवाजी पार्कला राहतो’ हे वाक्य त्या दिवसांपुरते शब्दशः खरे होते.

या दिवसांविषयी परिसरात जी कुजबुज ऐकू येते ती मुख्यतः अस्वच्छतेची असते. लाखोंच्या समुदायासाठी स्वच्छतागृहे पुरेशी आहेत की नाहीत, हा महापालिकेच्या व्यवस्थेचा प्रश्न आहे. तो येणाऱ्यांच्या संस्कृतीचा प्रश्न बनवला जातो, तेव्हा त्यामागील जातीय दृष्टी लपत नाही. दसऱ्याच्या गर्दीबद्दलची तक्रार आवाजाची आणि वाहतुकीची असते, सहा डिसेंबरच्या गर्दीबद्दलची तक्रार माणसांविषयी असते. ‘रहिवासी’ हा वरवर तटस्थ भासणारा शब्द येथे एका विशिष्ट वर्गाचा आणि बहुतांशी विशिष्ट जातींचा वाचक ठरतो. नियोजनाच्या काळात भूखंड कोणाला परवडले आणि कोणाला नाही, याचा तो उशिरा उमटलेला परिणाम आहे.

याउलट या दिवसांत मैदानावर लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे. आंबेडकरांचे लेखन आणि भाषणे, बुद्धचरित्रे, फुले-शाहू साहित्य, आत्मकथने, गीतांच्या पुस्तिका, दिनदर्शिका यांची येथे मोठी उलाढाल होते. मराठी ग्रंथव्यवहाराची चर्चा साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनाभोवती फिरते. चार आणे-आठ आण्यांच्या पुस्तिकांपासून वाढत आलेल्या या बाजाराला तीत क्वचितच स्थान मिळते. येथे येणारा वाचक पुष्कळदा घरातील पहिल्या किंवा दुसऱ्या साक्षर पिढीतला असतो. तो परतीच्या प्रवासाच्या पिशवीत पुस्तके भरून नेतो. जो समुदाय मैदानाची नासाडी करतो असे म्हटले जाते, तोच या मैदानाला वर्षातून एकदा राज्यातील एका महत्त्वाच्या ग्रंथपेठेचे रूप देतो.

आणि हा समुदाय उठून जातो. त्याने या मैदानात चौथरा मागितलेला नाही. त्याचे स्मारक चौपाटीवर आहे आणि मोठे स्मारक इंदू मिलच्या जागेवर उभारले जात आहे. मैदानाकडे त्याची मागणी दोन-तीन रात्रींच्या आसऱ्याची आहे. उभारलेले मंडप पुढील काही दिवसांत उतरतात, खांबांचे खड्डे बुजवले जातात, खेळपट्ट्यांवर पाणी मारून रोलर फिरवला जातो आणि पुन्हा जाळ्या लागतात. ४५ दिवसांच्या हिशेबात हे दिवस खर्च म्हणून मांडले जातात. कट्ट्यावरील जिमखान्यांच्या आणि प्रवेशद्वारापाशी वाढत चाललेल्या फलक-पुतळ्यांच्या नावावर मात्र एकही दिवस मांडलेला नाही.